पहिल्याच झटक्यात

प्रिय खटपट्या,

गवत कापायचं मशीन सुरू झालं. पहिल्याच झटक्यात! आणि तेव्हापासून मला काही सुचेनासं झालंय. तू म्हणशील, ताईला वेड लागलं, मशीन सुरू झालं म्हणून कुणी एवढं हादरतं का? पण मी हादरलेय. दोन ओळी लिहिते, उठते, पाणी पिते, पुन्हा येऊन बसते. फोनवर मला हे जमलं नसतं. फोनवर तू सगळं हसण्यावारी नेतोस आणि मीही मग तुझ्याबरोबर हसत सुटते. तेव्हा हे शेवटपर्यंत वाच, मध्येच ठेवून देऊ नकोस.

त्या मशीनला आपल्या घरात बाबांशिवाय कुणी हात लावायचा नाही, हे तुला माहीतच आहे. बस डेपोत इंजिनं दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला आणि निवृत्त झाल्यावर सगळा डेपो त्यांनी त्या एका लाल मशीनमध्ये आणून बसवला. रविवारचा चहा झाला की पुढच्या अंगणात एक पाय मशीनवर रोवायचा, उजव्या हाताने दोरीची मूठ धरायची आणि असा हिसका द्यायचा की शेजारचं मांजर कुंपणावरून धूम ठोकायचं. आपल्याला अक्षरओळख व्हायच्या आधी त्यांनी इंजिनाचा पाठ दिला होता. आधी पेट्रोल, मग ठिणगी, मग हवा. या तिन्हींतलं काहीतरी नडलेलं असतं, चौथं कारण नसतंच, असं ते छातीठोकपणे सांगायचे. तुला तर जेवताना ठसका लागला तरी तू ओरडायचास, आधी पेट्रोल बघा!

गेल्या वेळी तू येऊन गेलास, त्यानंतर थोड्याच दिवसांत मशीन बंद पडलं. तुझं ते जाणं मला चांगलं आठवतंय. टॅक्सीवाला हॉर्न वाजवून वैतागला होता आणि तू दारात माझा हात हातात घेऊन उभाच. एरवी तू निघालास की मागे वळूनही बघत नाहीस. त्या दिवशी मात्र हात सोडायला तयार नव्हतास. मी आत जाऊन ओट्याशी रडून घेतलं आणि आईला सांगितलं, कांदा चिरतेय. तिने बघितलं तर समोर कांदा नव्हताच.

तर मशीन. बाबांनी जाहीर केलं की सुरू होत नाही, पेट्रोल शिळं झालंय. टाकी रिकामी करून ताजं पेट्रोल भरलं. पुढच्या रविवारी प्लगवर संशय आला. मी दुकानातून नवा प्लग आणून दिला, तो लावला. मग हवेची जाळी साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवली. मग कार्ब्युरेटर सुटा होऊन वर्तमानपत्रावर पसरला. तोवर गवत गुडघ्याला लागायला आलं होतं आणि समोरचे काका येता-जाता विचारू लागले होते की शेती करायचा विचार आहे का. आई म्हणाली, लग्नाच्या पहिल्या वर्षी यांनी माझ्याकडे एवढं लक्ष दिलं असतं तर मी देवाकडे दुसरं काही मागितलं नसतं. बाबा नुसते हसले. झाकणं मला फिरवायला लावायचे, पाना आईच्या हातात द्यायचे, म्हणायचे, हल्ली डोळ्यांना बारीक दिसत नाही. आणि सगळं जोडून झालं की आम्हांला आत पिटाळायचे, धूर होईल म्हणून. थोड्या वेळाने हात पुसत यायचे. नाही होत सुरू, एवढंच बोलायचे. आम्ही कुणी त्यांना दोरी ओढताना पाहिलंच नाही, हे माझ्या आत्ता लक्षात येतंय. बोटांच्या पेरांवर पट्टी होती. पातं पुसताना लागलं, असं सांगितलं त्यांनी, आणि आम्ही विश्वास ठेवला.

परवाच्या रविवारी ते केस कापायला गेले होते. म्हटलं, आपण त्यांना चकित करावं. त्यांच्याच क्रमाने सुरुवात केली. पेट्रोल पाहिलं, ताजं, काठोकाठ. प्लग काढून पाहिला, कोरडा, स्वच्छ. तो घट्ट बसवला, टोपी नीट चढवली. हवेची जाळी तर आपल्या चादरींपेक्षा स्वच्छ होती. मग पाय रोवला आणि दोरी ओढली. अरे, एका झटक्यात धडधडलं! मी आनंदाने किंचाळले. आई ओल्या हातांनी धावत आली. आणि मी वळून पाहते तर बाबा फाटकात उभे. नुकतेच केस कापलेले, मान उघडी पडलेली. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. चोरी पकडली गेल्यावर माणूस दिसतो तसे ते दिसत होते. जवळ येऊन त्यांनी डाव्या हाताने इंजिन बंद केलं, पायरीवर बसले आणि म्हणाले, चौथं कारण होतं गं.

मग त्यांनी सगळं सांगितलं. मशीनला काहीही झालेलं नव्हतं रे. पहिल्याच रविवारी त्यांनी दोरी ओढली आणि हाताची मूठ उघडेनाच. दोरी तर सपकन आत जाते. तिच्याबरोबर हात फरफटत लोखंडावर आपटला, पेरं सोलवटली. मग डाव्या हाताने उजव्या हाताचं एकेक बोट सोडवलं त्यांनी, एकट्याने, अंगणात. त्यानंतर दोरीला हात लावायचं धाडसच झालं नाही. आणि आपल्याला कळू नये म्हणून ते धडधाकट मशीन दर रविवारी आजारी ठरवून खोलत बसले! मला इतका राग आला, आणि त्याच वेळी इतकं भरून आलं, की मी नुसतीच उभी राहिले. आईने मात्र त्यांच्या पायात चपला सरकवल्या आणि त्यांना दवाखान्यात नेलं. तिथून मोठ्या डॉक्टरांकडे.

मोठे डॉक्टर शांत स्वभावाचे आहेत. बाबांना म्हणाले, माझी बोटं घट्ट धरा. धरली. आता सोडा म्हणाले. आणि बाबांची बोटं हळूहळू उलगडत राहिली. आम्ही तिघंही बघत होतो. स्नायूंचा आजार आहे. तो जात नाही, पण सांभाळता येतो. धोका आहे तो हृदयाला, त्याचे ठोके चुकतात. बाबांचे चुकायला लागलेच आहेत, म्हणून छातीत एक छोटं यंत्र बसवायचं ठरलंय. वेळेवर आलात, असं डॉक्टर दोनदा म्हणाले. आणखी थोडे रविवार गेले असते तर?

मग डॉक्टरांनी विचारलं, मुलं किती? हा आजार आईबापांकडून मुलांत उतरू शकतो, आणि मुलांत उतरला तर आईबापांपेक्षा कमी वयातच दिसायला लागतो. माझा हात बघितला. मूठ आवळली, उघडली, लगेच उघडली. आईचा जीव भांड्यात पडला. ती म्हणाली, आमचा मुलगा तर अगदी ठणठणीत आहे हो. आणि त्याच क्षणी मला आपलं दार दिसलं, हॉर्न वाजवणारा टॅक्सीवाला दिसला. खटपट्या, तू माझा हात धरून ठेवला नव्हतास ना? तुला तो सोडता येत नव्हता. बॅडमिंटन तू रॅकेटची तार तुटली म्हणून सोडलंस. लोणच्याची बरणी उघडायला आईपुढे केलीस, तीही लाडात आल्यासारखी. खरं सांग, तुला माहीत आहे का? तूही बाबांसारखा धड वस्तूंमध्ये खोट काढत बसला आहेस का? आईला मी यातलं काही बोललेले नाही. आता हे पत्र खाली ठेव, उजव्या हाताची मूठ घट्ट आवळ आणि उघड. लगेच उघडली, तर फोन कर आणि ताईने सुतावरून स्वर्ग गाठला म्हणून पोटभर हस. तरीही हृदयाची तपासणी करून घे, माझ्यासाठी. आणि नाही उघडली, तर डाव्या हाताने बोटं सोडवत एकटा बसू नकोस. मला कळव, मी तुला न्यायला येते.

हात अजून हातात असल्यासारखी,
तुझीच
ताई