ताईच्या हाताचा साचा

४ मार्च, मंगळवार

आणि वर मलाच म्हणते, "ये गं, तुला सवड होईल तेव्हा ये, आम्ही काय रिकामटेकड्या!" तेही खेळात वाजवणाऱ्यांसमोर! सख्खी थोरली बहीण. मी दिवसभर लॅबमध्ये उभी राहून, धावत बस पकडून, पोटात काही न घालता तालमीला पोचते, आणि पहिलं वाक्य हे. पाणी तरी विचार!

बाबा गेल्यापासून खेळाच्या कळसूत्री बाहुल्या बनवते मी, नाचवते ताई. नव्या खेळातली म्हातारी ढगांना टाके घालते. म्हणजे तिला हात हवेत. ते अजून झालेले नाहीत. खिळ्याला टांगलीय बिचारी, रिकाम्या बाह्या लोंबतायत. ताई म्हणाली, "तिकडे लोकांना हात वाटत सुटलीस, घरची मात्र थोटी."

लागलं. खरं असलं की जास्तच लागतं.

६ मार्च, गुरुवार

लॅबमध्ये आम्ही हात गेलेल्यांसाठी यंत्राचे हात बनवतो. आतलं सगळं, म्हणजे वायरी, मोटारी, ते मॅडमचं आणि त्यांच्याकडे शिकणाऱ्या पोरांचं. संशोधन म्हणतात त्याला. वरची कातडी माझी. सिलिकॉनची. शिरा, सुरकुत्या, नखाखालचा गुलाबी रंग, सगळं मी भरते. बाहुल्या रंगवणारी म्हणून तर घेतलं मला. शाळा चौथीत सुटली ते कुणी विचारलं नाही.

सध्या इस्त्रीवाल्या बाईंचा हात आहे. कपड्यांच्या कारखान्यात मोठ्या इस्त्रीखाली उजवा गेला, डावा भाजला. एरवी असलेल्या हातावरून नसलेला बेतता येतो. इथे बेतायला काही उरलंच नाही. मॅडम म्हणाल्या, "त्यांच्या वयाच्या एखाद्या बाईंच्या हाताचा साचा घ्या. पण विचारून हं. कशासाठी ते नीट सांगून."

माझ्या डोळ्यांसमोर एकच हात आला.

९ मार्च, रविवार

घेतला साचा. ताईला सांगितलं, म्हातारीसाठी हवाय.

खोटं! धडधडीत खोटं. खरं सांगितलं असतं तर नाहीच म्हणाली असती. "तुझ्या लॅबसाठी माझं नखसुद्धा मागू नकोस," असं मागे एकदा म्हणालीच आहे. मग तिची समजूत काढत कोण बसणार! मला कुठे आहे तेवढा दम!

खुशीत बसली होती, बादलीतल्या लेपात हात बुडवून. "म्हातारीला माझे हात! बाबांना आवडलं असतं गं," म्हणाली. मी खेकसले, "बोलू नकोस, साचा हलतो. आणि बोटं सरळ ठेव!" ठेवली नाहीत. पुन्हा सांगितलं, तरी नाही. म्हटलं, मरू दे, हट्टीच आहे जन्माची.

घरी आले ती थेट भांडी घासायला बसले. हे म्हणाले, "काय गं, आज बहिणीशी भांडण झालं नाही वाटतं?"

११ मार्च, मंगळवार

ताईचा फोन. हात झाले का? म्हटलं, वाळतायत.

१४ मार्च, शुक्रवार

हात उतरला! इतकं चांगलं काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं. मनगटावरची शीर अशी की बोट ठेवलं तर ठोका लागेल असं वाटतं. अंगठ्याजवळचा चटक्याचा डागसुद्धा भरला. तो चटका माझं दूध तापवताना बसला होता तिला. मी तेव्हा तान्ही. ती तरी केवढीशी!

खरं लिहायचं तर हे, की रंग भरताना मला ताई आठवलीच नाही. डागाचा तपकिरी रंग तेवढा दिसत होता. तो जमला म्हणून मी खूश. आता आठवतेय, सगळं संपल्यावर.

मॅडमनी विचारलं, "ज्यांचा साचा आहे त्यांची हरकत नाही ना?" मी मान हलवली. तोंड उघडलं नाही, नुसती मान. जणू मानेचं पाप कमी भरतं!

लगेच पुढचं म्हणाल्या. येत्या महिन्यापासून दर रविवारी दवाखान्यात हात बसवून बघायचे, "तुम्ही लागालच." रविवारी तर आमचे खेळ असतात. तिथेही मानच हलवली. ताईला हे कोण सांगणार?

१८ मार्च, मंगळवार

इस्त्रीवाल्या बाई आल्या. हात चढवला. मॅडमनी चालू केला. बोटं मिटली, उघडली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. बाई नुसत्या बघत बसल्या.

मग म्हणाल्या, "हा कुणाचातरी आहे."

मी म्हटलं, "आता तुमचाच की."

"तसं नव्हे हो. यांची बोटं दुखतात का? माझ्या आईची अशीच आखडलेली होती. हातातून कप सुटायचा आणि आम्ही ओरडायचो, लक्ष कुठाय तुझं?"

म्हणजे त्या दिवशी ताईचा हट्ट नव्हता तो! सरळ होतच नव्हती बोटं, आणि मी खेकसत होते.

"हयात आहेत ना त्या?"

"आहे. बहीण आहे माझी."

"त्यांना ठाऊक आहे, हा इथे आहे ते?"

मी उगाच ब्रश उचलला. बाईंनी दंड पुढे केला, "काढा हा." काढला. "आधी विचारून या. चोरीचा हात नातवाच्या डोक्यावरून फिरवू होय मी?"

मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. हळूच म्हणाल्या, "मी विचारलं होतं तुम्हाला." एवढंच. हातातला ब्रश कुठे ठेवावा तेही सुचेना.

१९ मार्च, बुधवार

रजा टाकली. ताईकडे गेले. चपला न काढता दारातच सगळं बोलून टाकलं. लॅब, इस्त्रीवाल्या बाई, साचा, सगळं. ती चहा गाळत होती. गाळून झाला, मग म्हणाली, "संपलं? आता मला सांग, म्हातारीचा पंजा केवढा? माझ्या करंगळीएवढा. आणि त्याला माझ्या अख्ख्या हाताचा साचा? कुक्कुलं बाळ आहे का मी?"

"म्हणजे तुला आधीच—"

"बादली बघितली तेव्हाच. म्हटलं, बघू कधी कबूल होते."

"मग बाबांचं कशाला बोललीस?"

"तुला लाज वाटावी म्हणून. नाही वाटली!"

वाटली होती गं. पण हे बोलून काय उपयोग.

बोटं दाखव म्हटलं. आधी नाही नाही केलं, मग दाखवली. उजव्या हाताची दोन उघडतच नाहीत. थंडीपासून असं चाललंय. दोऱ्या मनगटाला बांधून खेळ करत होती! आणि मी तालमीत मागून ओरडायचे, "ताई, अडखळतेय बघ, झोपलीस का?" तिने एकदाही उलटून सांगितलं नाही. मी एकदाही हाताकडे बघितलं नाही. दिवसभर हात बघायचा पगार घेते मी!

"मला का नाही सांगितलंस?"

"कधी सांगणार? येतेस तीच निघायच्या घाईत."

चहा दिला डाव्या हाताने. म्हणाली, "त्या बाईंना सांग, दिला म्हणावं. त्यांच्याकडे तरी उघडू-मिटू दे." मला रडू फुटलं. "कपात पाडू नकोस," म्हणाली, "साखर कमीच आहे."

रविवारचं तरीही बोलले नाही. जिभेवर आलं आणि गिळलं.

२० मार्च, गुरुवार

कामावरून आले तर दारात बाहुल्यांची पेटी. ताईची पेटी! टेम्पोवाला ठेवून गेला म्हणे. निरोप नाही, फोन नाही. हे म्हणाले, "ही कुठे ठेवायची?" म्हटलं, ठेवायची नाही, उघडायची. उघडली. दोऱ्या सगळ्या सोडवून, गुंडाळून, नीट रचल्यात. त्या बोटांनी! किती वेळ लागला असेल.

एकीला उचलून चालवून बघितली. दारू प्यायल्यासारखी चालली. हे हसले. मला हसू आलं नाही.

२१ मार्च, शुक्रवार

मॅडमना ताईचा होकार सांगितला. इस्त्रीवाल्या बाईंना फोन गेला. मग निघायचं ते मी तिथेच उभी राहिले. म्हटलं, खोटं बोलले, त्याची काय शिक्षा असेल ती द्या. पण रविवारी मी येणार नाही. रविवारी खेळ आहे, आणि आता नाचवणारी मी आहे. बाकीचे सहा दिवस तुमचे, जीव ओतून करीन. चालत असेल तर ठेवा, नसेल तर काढा.

मॅडम म्हणाल्या, "असं एकदम कसं? विचार करावा लागेल."

म्हटलं, करा. मंगळवारपर्यंत सांगा.