चौथं लॉक

तीर्थस्वरूप सौ. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द या खेपेला अगदी खरा आहे. गेला पंधरवडा मी आठही अंगांनी जमिनीवर आहे, फक्त उताणा, आणि तोंडावर नानांची गाडी.) तुझी तब्येत बरी असावी, भावोजींचा गुडघा थोडा शहाण्यासारखा वागत असावा आणि मुलं तुझं ऐकत असावीत, असं मी धरून चालतो. धरूनच चालावं लागतं, कारण फोनवर तू ‘तिकडे सगळं ठीक ना’ एवढंच विचारतेस आणि मी ‘हो’ म्हणायच्या आत फोन ठेवतेस. इकडे ठीक नाही. म्हणून पत्र. पत्र अर्धवट वाचून ठेवलं तरी उरलेलं तिथेच वाट बघत बसतं.

नानांच्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, हे तुला सांगितलंच होतं. डॉक्टर म्हणतात ती बदलायची, आणि चालढकल केली तर पुढचं आम्हाला विचारू नका. महिनाअखेरची तारीखही त्यांनी दिली आहे. नानांनी त्यांना विचारलं, की नवी झडप जुन्या मॉडेलला बसेल का, आणि मापात फरक निघाला तर घासणार कोण. डॉक्टर हसले. नाना हसले नाहीत. शेवटी हो म्हणाले, पण एका अटीवर: जाईन तर स्वतःच्या गाडीतून, पुढच्या सीटवर ताठ बसून. आडवा होऊन दुसऱ्याच्या गाडीतून जाणार नाही. का, ते तुला वेगळं सांगायला नको. आई गेली तेव्हा ही गाडी अशीच दुरुस्तीसाठी खोलून ठेवलेली होती. ॲम्ब्युलन्स यायला वेळ लागला, आई आडवी गेली ती परत आली नाही, आणि तू हॉस्पिटलच्या दारातच नानांना म्हणालीस, की गाडीचे नट मोजत बसलात म्हणून उशीर झाला. त्या दिवसापासून तुमचं बोलणं नाही. नानांनीही गाडीवर जे कापड घातलं, ते आत्ता काढलं. (मी तुम्हा दोघांच्या मधला सांधा. दोन्हीकडचे हादरे खातो आणि मला ग्रीस कुणी लावत नाही.)

तर काम असं. इंजिनाचं फिरणं मागच्या चाकांपर्यंत नेणारा तो लांब शाफ्ट, त्याच्या मागच्या टोकाचा सांधा पार गेला होता. आतला अधिक चिन्हासारखा क्रॉस, त्याच्या चार टोकांवरचे चार कप, कपांतल्या त्या बारीक सुया आणि कप बाहेर निसटू नयेत म्हणून प्रत्येकावर एक लॉक, म्हणजे नखाएवढी स्प्रिंगची कडी. हे मी तुला काय सांगतोय? लहानपणी कपात ग्रीस लावून सुया चिकटवायचं काम तुझंच असायचं, कारण माझ्या हातून त्या सांडायच्या. अजूनही सांडतात. पहिल्याच दिवशी एक सुई कपाच्या तळाशी आडवी पडली, कप पुरता आत जाईना, आणि मी अक्कल गहाण ठेवून हातोडी घातली. कप तडकला. नाना बाजूला खुर्चीवर गुडघ्यांवर शाल घेऊन बसले होते. रागावले नाहीत. पूर्वी या घरात एका माणसाच्या हातून सुया नीट बसायच्या, एवढंच म्हणाले आणि छताकडे बघत राहिले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

मग कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला बोलावलं. (खिशात कायम पाना असतो म्हणून सगळे त्याला पान्याच म्हणतात. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोला ठाऊक असावं.) त्याने नानांना नव्या पद्धतीचा क्रॉस सुचवला, कायमचा बंद, ज्याला कधी ग्रीसच लागत नाही, बसवला की वर्षानुवर्षं त्याच्याकडे बघायला नको. नाना म्हणाले, वर्षानुवर्षं कुणी बघायला येत नाही असा एक मी घरात आहे, दुसरा नको. पान्याने जुन्या पद्धतीचा क्रॉस आणून दिला.

तो बसवला. पण शाफ्टचे दोन भाग सुटे करण्याआधी नाना दोन्हींवर पांढऱ्या रंगाची एकेक खूण करतात, जोडताना खुणेला खूण यावी म्हणून. मी शाफ्ट पुसायला म्हणून जेवणाच्या टेबलावर ठेवला, आणि आमच्या हिला टेबलावर काहीही कळकट दिसलं की हात शिवशिवतात. तिने रॉकेलने घासून शाफ्ट असा चकचकीत केला की खुणेचा मागमूस राहिला नाही. मी अंदाजाने जोडला आणि नानांना पुढे बसवून गाडी बाहेर काढली. गल्लीच्या टोकापर्यंत जाईतो गाडीला हिवताप भरला. आरसा गळून पडला, नानांच्या कवळीचा ताल वेगळा आणि इंजिनाचा वेगळा. परत आलो तेव्हा ते छातीवर हात दाबून बसले होते आणि ओठ निळसर झाले होते. ही आत जाऊन रडली. मी शाफ्ट पुन्हा उतरवला.

यानंतर लॉकं हरवायला लागली. सगळं नीट जुळलं की नेमकं एक लॉक कमी. आम्ही फरशीवर रांगायचो, ही झाडूने कोपरे उकरायची. पान्याने बाजारातून एक आणलं, नानांनी ते भिंगाखाली धरलं आणि सैल आहे म्हणून परत केलं. मग पहिलं सापडायचं आणि दुसरं जायचं. डॉक्टरांची तारीख जवळ येत चालली होती. परवा हिने नानांचा चष्मा पुसायला घेतला, तर चष्म्याच्या डबीत फडक्याखाली लॉकं. आम्ही डबी होती तशी मिटून ठेवली. दुपारी मी त्यांच्याजवळ बसलो आणि विचारलं, नाना, भीती वाटते का? म्हणाले, भीती कसली, घाई कशाला. मग म्हणाले, “जाताना तुझ्या आईला भीती वाटत होती का, ते विचारायचंच राहिलं रे.” मी उगाच पाने पुसत बसलो.

असो. हे सगळं तुझ्या कानावर असावं म्हणून लिहिलं, दुसरं काही काम नाही. भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. लोभ वाढला नाही तरी निदान गंजू नये.

तुझा,
सुया सांडणारा

ता. क. पत्र पाकिटात घालायचं राहून गेलं, म्हणून पुढचं कळवतो. आज सकाळी नानांनी स्वतःहून डबी माझ्यासमोर उघडून ठेवली आणि ‘बसव’ म्हणाले. जायला तयार झाले आहेत. दाढीसुद्धा केली.

ता. क. तीन लॉकं बसवली. चौथं सापडत नाही. नानांनी शर्टाचे खिसे उलटे करून दाखवले, बिचारे शपथ घ्यायला निघाले. या वेळी त्यांना खरंच माहीत नाही, कारण चौथं मी उचललं आहे. ते तयार झाले आणि आता माझीच तयारी नाही. एकट्याने त्यांना तिथवर नेणं माझ्याच्याने होणार नाही, ताई. पाकिटाच्या तळाशी कागदात गुंडाळलेलं जे बोटाला टोचेल, ते तेच. तारखेच्या आधी ते घेऊन तू स्वतः ये. दारात काय बोलायचं याची काळजी करू नकोस, नाना आधी लॉकाचंच विचारतील. तू हात पुढे कर. सुरुवातीला तेवढं पुरे.

ता. क. कुरिअरवाल्याने लॉक हरवलं तर शोधत बसू नकोस. असली लॉकं बाजारात वाटीने मिळतात, आणि पान्याने आणलेलंही चपखल बसत होतं, हे मला, पान्याला आणि खुद्द नानांनाही तेव्हाच दिसलं होतं. रिकाम्या हाताने आलीस तरी चालेल.