पाठमोरी वहिनी

उरवडे, ११ ऑगस्ट २०२५

सौ. शुभांगीताईंना हेमलताचा सप्रेम नमस्कार, वि. वि.

जांब्याला सगळे खुशाल असतील. फोन करायचा तर सासूबाई शेजारी बसून शब्द न् शब्द ऐकतात, म्हणून ही चिठ्ठी ह्यांच्या डब्याच्या पिशवीत घालून धाडतेय. तुमचे भाऊ तुमच्या जवळच हिंजवडीला कामाला आहेत ते बरंच आहे.

हुकूम निघाला, फाट्यावर बोर्ड लागला. शाळेच्या वेळेत डंपर बंद. सकाळी दहा ते अकरा, संध्याकाळी साडेचार ते साडेपाच. तुमच्या रीलमधल्या मागणीत होतं अगदी तसंच. तीन वर्षं मी ओटीतलं लाल ब्लाउजपीस काठीला बांधून तिथं उभी राहते, पोरांना रस्ता ओलांडून देते. ग्रामसभेत घसा कोरडा केला, तर साधा गतिरोधक झाला नाही. तुम्ही आषाढात दोन दिवस माहेरी आलात, दीड मिनिट बोललात, लाखभर लोकांनी बघितलं आणि सरकार हललं.

त्या रीलमध्ये तुमचा चेहरा, तुमची आबोली साडी आणि मागं माझी पाठ. फक्त पाठ! शेजारची फुलाबाई म्हणाली, हेमे, तुजी येणी लई झ्याक दिसतीया. माझा नुसता जळफळाट झाला, ताई, खोटं कशाला बोलू? आता पोरं आपली आपण पलीकडं जातात. माझा हातसुद्धा धरत नाहीत.

२३ तारखेला, शनिवारी सकाळी, पौडला तुमचा सत्कार आहे म्हणे. मला जमणार नाही. शनिवारी सकाळी मला काम असतं.

लोभ आहे तेवढा राहू द्या, वाढवायचा की नाही ते तुम्ही बघा.

आपली,
हेमलता

जांबे, १४ ऑगस्ट २०२५

ती. हेमावहिनीस शुभांगीचा शि. सा. न. वि. वि.

चिठ्ठी वाचून आधी हसले, मग राग आला. शनिवारी सकाळी कसलं आलंय काम? आमच्या सोसायटीत शनिवारी नऊपर्यंत दूधवाल्यालाही कुणी दार उघडत नाही.

आणि हेवा फक्त तुलाच करता येतो असं समजू नकोस. एका रीलमध्ये मी पुढं आणि तू मागं, तर एवढं झोंबलं? माझ्याच माहेरी मी लग्न झाल्यापासून मागं आहे. आईच्या तोंडी उठताबसता हेमा. तिचा फोन येतो तो तू पिरंगुटला गेलीस की, हेमानं माझा चष्मा कुठं ठेवलाय हे विचारायला. फाट्यावरची पोरं काकू काकू करत तुला बिलगतात आणि मला विचारतात, तुमी कोन? मी त्याच गावात जन्मले, वहिनी.

शनिवारी ये. तू नसशील तर त्या शालीत मला ऊब यायची नाही. भाचीला पापा, आणि रुसवा असला तरी माया असू दे.

तुझी,
शुभांगी

उरवडे, २३ ऑगस्ट २०२५

सौ. शुभांगीताईंना स. न. वि. वि.

सत्कार झाला असेल. मी कुठं होते ते आता सांगते.

शनिवारी आपली शाळा सकाळची असते, साडेसातला भरते. तुम्ही याच शाळेत शिकलात, पण तिकडं शनिवारची सुट्टी अंगवळणी पडली आणि मागणीत शनिवार घालायचा राहिला. मग हुकमातही आला नाही. बोर्ड लागला त्याच दिवशी माझ्या ध्यानात आलं, पण मी गप्प बसले. म्हटलं, पाच दिवस तुमचे, एक तरी माझा राहू दे. शनिवारी डंपर भरधाव येतात आणि पोरं पुन्हा माझ्या पदराला धरून थांबतात. मला फार बरं वाटायचं.

आज डंपर थांबलाच नाही. पोरांनाही आता मोकळ्या रस्त्याची सवय लागलीय. आमची आरोही माझा हात सोडून पळाली. मी तिला मागं खेचलं, दोघी खडीवर आपटलो. तिचं दप्तर चाकाखाली गेलं. ड्रायव्हर पुढं जाऊन थांबला आणि हिंदीत ओरडला, की बोर्डावर दहा लिहिलंय, आत्ता कुठे सात वाजून गेलेत. आरोहीचा गुडघा फुटलाय, बाकी ठीक आहे. तिचा चपटा झालेला डबा समोर ठेवून मी हे लिहितेय.

उद्याच या. दुसरी रील करा, तिच्यात शनिवार घाला. मला मिरवायची हौस नाही असं लिहिणार होते, पण ते खोटं आहे. या वेळी मला समोरून घ्या. आणि येताना ती आबोली साडी आणा.

वाट बघतेय. चूक पोटात घाला.

हेमलता

जांबे, १२ सप्टेंबर २०२५

ती. हेमावहिनीस शि. सा. न. वि. वि.

सुधारलेला हुकूम निघाला. शनिवारीही सात ते आठ आणि सुटताना अकरा ते बारा डंपर बंद. तुझ्या रीलला माझ्या दुप्पट लोक आले. माझी साडी तुला माझ्यापेक्षा शोभते, हेही कितीतरी जणांनी कौतुकानं लिहिलंय. दोन गावांच्या बायका विचारतायत, आमच्या फाट्यावर कधी येता? मला नव्हे, तुला. काठी टाकून देऊ नकोस. या वेळी जळफळाट माझा झाला.

पण काल आईनं आपणहून फोन केला. चष्म्यासाठी नव्हे. म्हणाली, चारदा बगितलं, हेमा लई ग्वाड बोलली, पन शुबे, तू कुटं हायेस? मी सांगितलं, मोबाइल मीच धरला होता, मी दिसणार कशी? तर म्हणाली, मंग योकदा तुज्याकडं फिरवायचा हुता की.

वहिनी, आई चारही वेळा मला शोधत होती.

ही चिठ्ठी तिला वाचून दाखवू नकोस. तिची तुझ्या वाट्याची माया तुझ्याकडेच ठेव, माझ्या वाट्याची आता मला पुरेल.

तुझी,
शुभांगी