आमच्या मुरंब्यावर थुंकणारे लोक

अगियासोस, लेस्वोस बेट

प्रिय मेव्हण्या प्रोकोपिस,

मेलबर्नमधल्या तुझ्या घरातल्या लहानथोरांना इग्नातिसचा मनापासून नमस्कार. देवमातेच्या कृपेनं इकडे आम्ही ठीक. माझा गुडघा तेवढा कुरकुरतो (मी नाही कुरकुरत). बापाच्या बागेवरून तू मिर्सिनीशी, सख्ख्या बहिणीशी, तीन वर्षं बोलत नाहीस, ते तुमचं तुम्ही बघा, मी मध्ये पडत नाही. दुकानाची खबर तेवढी कळवतो.

दुकान बुडाल्यात जमा होतं. दारातून फक्त मांजरं आत येत, तीही उधारीवर. तेव्हा मिर्सिनी म्हणाली, मी मुरंबे फोनवर टाकते. मी हसलो. पहिले दोन दिवस तिनं स्वतःच्या अंगठ्याचेच फोटो टाकले. (नऊ जणांना आवडले.) पण मग कोवळ्या अक्रोडांची बरणी तिनं उन्हात अशी धरली, की नवरा असून मला ती विकत घ्यावीशी वाटली. लोकांनी 'वाहवा, वाहवा' केलं आणि संध्याकाळी अख्खी कढई करपली!

"दृष्ट!" मिर्सिनी कडाडली. "कौतुक करायला सगळे पुढे, पण एक मेला थुंकला असेल तर शपथ!" (खरंच होतं तिचं. बाळ पाहून तीनदा थू थू न करता आपल्यात कोण उठतं?) तिनं फोटोखाली लिहिलं, कौतुक करणाऱ्यानं आधी तीनदा थुंकावं. आणि फोटोखाली 'थू थू थू' लिहून गाव काय थुंकलं रे! पाद्रीबाबासुद्धा!

जर्मनीतल्या एका बाईंनी ते वाचलं. या बिचारीला सगळं गाव एवढं का छळतंय, म्हणून त्यांनी निव्वळ दयेपोटी सहा बरण्या मागवल्या. मिर्सिनीनं त्यांना दृष्टीचं सगळं समजावून लिहिलं. झालं, बाई स्वतः थुंकल्या, मग त्यांच्या मैत्रिणी थुंकल्या, आणि जी थुंकते ती बरणी मागवते! दुकान तरलं, प्रोकोपिस. तुझ्या बहिणीनं एकटीनं तारलं. मी बरण्या पुसतो आणि तिच्याकडे बघत बसतो. बायको असावी तर अशी.

तुझा,
इग्नातिस

ता. क. गुडघ्यासाठी तिकडचं एखादं मलम पाठव.

ता. क. मलम राहू दे. तू तिचे फोटो बघतोस हे फोन तिला सांगतो. रोज जेवण झालं की ती थुंकणाऱ्यांची नावं खालपर्यंत वाचते. त्यात तुझं नसतं. मग फोन पालथा ठेवून भांडी घासायला जाते. बाग सोडू नकोस, बोलूही नकोस. पण बाबा रे, एकदा थुंक.

ता. क. घात झाला, ती मागे उभी राहून वाचत होती. मला वाटलं, आता पत्र फाडणार. तर म्हणाली, "तीनदा लिही. एकदाच थुंकून उठेल तो, अर्धवट कामं करायची खोडच आहे मेल्याला."