बारातले सहा

२४ ऑक्टोबर
ॲबस्ट्रॅक्ट अल्जेब्राचा पेपर १४ नोव्हेंबरले. एम.एस्सी.चा हा एकच अडला आहे, न हा शेवटचा अटेम्प्ट. गेला तं डिग्री गेली, ज्युनिअर कॉलेजातली तासिकेवरची नोकरी गेली. पण भ्यायचं काय त्यात? एकवीस दिवस आहेत. पुस्तक दोनदा वाचून होते.
खुशबूनं विचारलं, यावेळी नक्की न? लग्नात ठरलं होतं, घरात एका वेळी एकानंच शिकायचं. माझं झालं का तिची एम.एस्सी. चार वर्षं झाली. म्हटलं, नक्की.

२५ ऑक्टोबर
आमच्या करडीची मंडई, गावजत्राच. घरी सोळा पाहुणे. सगळ्यायचा एकच प्रश्न, पेपर कधी? अभ्यास नाही.

२९ ऑक्टोबर
मामाच्या गावची मंडई. दिवाळी झाली का गावोगाव मंडई, न गावोगाव आपले सोयरे. युनिव्हर्सिटीले हे समजत नाही काय? पुस्तक सोबत नेलं होतं. दंडारीतली सोंगं पाहता पाहता पिशवीतून काढणं झालं नाही.

२ नोव्हेंबर
पहिला चॅप्टर पुन्हा पहिल्यापासून. पाया पक्का पाहिजे. हात गार पडून राहिले. थंडी लवकर आली यंदा.

४ नोव्हेंबर, दुपार
शोध लागला! लाग्रांज म्हणते, सबग्रुपच्या संख्येनं ग्रुपच्या संख्येले पूर्ण भाग जाते. मग उलटंही खरंच असणार! भाग जाते न, तं तेवढ्यायचा सबग्रुप असतेच. बाराच्या ग्रुपात सहाचा असलाच पाहिजे. म्हणजे सायलोचा चॅप्टर वाचाचं कामच नाही. साठ पानं वाचली!

५ नोव्हेंबर
तुमसरच्या केवळराम सरांना फोन केला. रिटायर झाले, पण अल्जेब्रा अजून त्यायचाच. शोध सांगितला. सर म्हणाले, चार वस्तूंच्या चोवीस अदलाबदलींपैकी ज्या सम, त्या बारांचा ग्रुप घे, त्यातून सहाचा काढून दाखव. न फोन ठेवला. चाळीस वर्षांत त्यायले सुचलं नाही, मले सुचलं. कोल्ह्याले द्राक्षं आंबट.

८ नोव्हेंबर
सरांचं बोलणं खुशबूले कायले सांगितलं मी! सकाळपासून चार वाट्या मांडून बसली. तांदूळ, लाखोरी, जवस, मीठ. जागा बदलते, कागदावर लिहिते, खोडते. दुपारी म्हणाली, सहा नाही भेटत. म्हटलं, बी.एस्सी.ची सवय मोडली तुझी, मोजणं हे काही गणित नव्हे. तिनं माझ्याकडे पाहिलं. वाट्या उचलल्या. त्यानंतर पेपरचं नावच काढलं नाही तिनं. चांगलंच झालं, शांतता पाहिजेच होती.

११ नोव्हेंबर
सरांचे तीन फोन. उचलले नाहीत. एकाग्रता जाते.

१२ नोव्हेंबर
कोंढ्याची मंडई. जावई माणूस, नाही कसं म्हणता? सासऱ्यानं कौतुकानं विचारलं, आता प्रोफेसर म्हणायचं न? दोन गिलास पाणी प्यालो. भाजी तिखट होती.

१४ नोव्हेंबर, संध्याकाळ
पहिलाच प्रश्न माझा शोध! सिद्ध करा किंवा खोडून काढा. तीन पानं सिद्ध केलं. बाकीच्या तीन प्रश्नांतही तेच वापरलं, सपासप. बाजूच्या पोरीनं अर्धं पान लिहून पुढचा प्रश्न घेतला, बिचारी.
बाबांना सांगितलं, ऐंशीपैकी सत्तर कुठे जात नाहीत. ते लगेच चप्पल घालून गावात सांगाले गेले. खुशबूनं पेपरातला पहिला प्रश्न विचारला, मी काय उत्तर लिहिलं ते विचारलं. मग चार वाट्या आणून माझ्यापुढे ठेवल्या न म्हणाली, काढा सहाचा.

१५ नोव्हेंबर
चार वेळा करून पाहिलं. कोणतेही सहा घ्या, दोघांची जोडी लावली का सातवा निघते. मग आठवा. दर वेळी बाराच्या बारा. खुशबू हसली असती तं बरं झालं असतं. तिनं सायलोच्या चॅप्टरची पहिली ओळ दाखवली. लिहिलं होतं, लाग्रांजचं उलट खरं नसते, म्हणून हा चॅप्टर.
बाबांना मीच सांगितलं. सकाळी तीन जणांनी त्यायचं अभिनंदन केलं होतं. ते खांद्यावरचा दुपट्टा काढून घडी करत राहिले, मग उलगडून पुन्हा घडी केली. म्हणाले, उद्यापासून तू धान कापाले ये. खुशबूचा फॉर्म भरून टाकू.
म्हटलं, निकाल लागाचा आहे न अजून.
बाबांनी विळा माझ्या टेबलावर आणून ठेवला.