साखरेची म्हैस

आई, आज तुझ्या पणतीचा सातवा वाढदिवस झाला, आणि दिवसभर तुला एकच विचारावंसं वाटत होतं. माझ्या लग्नात रुखवत मांडायचं नाही असं मी सांगितलं, तेव्हा तुला काय वाटलं होतं? तू जाऊन सव्वीस वर्षं झाली. विचारायला उशीर झाला हे मला कळतं, पण प्रश्न पडला तो आज.

पोरीला केकवर म्हैस हवी होती. दिवाळीच्या पाडव्याला शिंगं रंगवून, गळ्यात कवड्यांची माळ घालून मिरवतात तशी. बेकरीवाला म्हणाला, परी करून देतो, म्हैस जमणार नाही. मग मीच करते म्हटलं. सुनेनं फाँडंटचं पाकीट आणून दिलं. फाँडंट म्हणजे साखरेची मळलेली कणीक समज. ती लाटून केकवर पांघरायची, उरलेल्या गोळ्याची हवी ती आकृती करायची. तिच्याखाली बटरक्रीमचा थर, म्हणजे लोणी आणि पिठीसाखर एकत्र फेसलेली. सून सांगत होती की यासाठी बाजारचं बटरच घ्यावं लागतं. म्हशीच्या दुधाचं एवढं घरचं लोणी असताना विकतचं कशाला, असं म्हणून मी तिला गप्प केलं. थोड्याच वेळात क्रीम फाटलं. नासलेल्या दुधासारखं कणीदार झालं, कडेनं पाणी सुटलं. सून ओट्याकडे तोंड करून भांडी घासत राहिली, पण हसतेय हे तिच्या पाठीवरून दिसत होतं.

त्या भांड्याकडे बघताना मला तुझी परात दिसली. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, पुस्तक घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे. तू परात तिरकी धरून लोणी गार पाण्यात धुतेस, तळव्यानं दाबतेस, पांढरं पाणी ओतून देतेस, पुन्हा धुतेस. माझ्याकडं न बघता म्हणतेस, "आत ताक राहिलं की लोणी ऐकत न्हाय बघ." मी तेव्हा मान वर केली नव्हती, मग हे वाक्य माझ्याजवळ राहिलं कसं? आज लोण्याचा दुसरा गोळा घेतला, पाणी नितळ निघेपर्यंत धुतला, दाबून दाबून कोरडा केला. क्रीम गुळगुळीत झालं. सुनेनं बोट बुडवून चाटलं आणि भांडी सोडून माझ्याशेजारी येऊन उभी राहिली.

पुढं म्हशीची शिंगं वाकवताना तडकायला लागली. माझी बोटं आपोआप तुपाच्या वाटीत गेली. तू साखर-खोबऱ्याचे बैल करताना असंच करायचीस. गल्लीतल्या प्रत्येक मुलीच्या रुखवतात तुझी बैलजोडी असायची, आणि वरपक्षाची माणसं पंगत सोडून ती बघायला यायची. फक्त माझ्या लग्नात रुखवताचं टेबल नव्हतं. शिकलेल्या मुलीच्या लग्नात साखरेची खेळणी मांडायची नाहीत, असं मी चारचौघींत सुनावलं होतं. तू म्हणालीस, "लगीन तुझं हाय. तुझ्या मनासारखं होऊ दे की." मला वाटलं, तुझं काम वाचलं, बरंच झालं.

आज एका म्हशीला माझी सगळी दुपार गेली. डोळा बसवताना श्वास रोखून धरावा लागतो, हे मला साठी उलटल्यावर कळलं. लग्नाला आठच दिवस राहिले असताना मी नको म्हणाले होते. म्हणजे तू बैल आधीच केले होतेस का? केले असतील तर ठेवलेस कुठं, शेवटी खाल्ले कुणी? की दुसऱ्या कुणाच्या मुलीला दिलेस? आणि केले नसतील, तर त्या आठ दिवसांत घरातली बाकीची कामं आटोपल्यावर हातांना कोणतं काम लावून दिलंस? मला खरंच जाणून घ्यायचंय.

हा कागद मी घरात कुणाला वाचायला देणार नाही. संध्याकाळी केक कापायच्या आधी सगळे त्या म्हशीभोवती जमले. सुनेची आई वाकून वाकून शिंगं बघत होती. तिनं विचारलं, "विहीणबाई, एवढं कुठं शिकलासा वो?" खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते, सूनही. तुझं नाव अगदी ओठांवर आलं होतं, आई.

"मोबाईलवर बघून," मी म्हणाले.