वीस लिटर साधं पाणी

खलिफा सिटी, अबू धाबी
रविवार, ७ सप्टेंबर २०२५

चि. शुभ्रा,

अनेक आशीर्वाद. मी बरा आहे. गुडघा कुरकुरतो, पण लिफ्ट चालू आहे. तिकडे अ‍ॅडलेडला तू मजेत असशील. मोठ्या अक्षरात लिहितोय, कारण मराठी वाचताना तू अडखळतेस आणि वाचून दाखवायला आता आई नाही.

तुझा मेसेज मिळाला होता. ‘बाबा, यू नो वॉटर. फॉर ट्वेंटी लीटर्स ऑफ बीअर आय वेस्ट हंड्रेड जस्ट कूलिंग इट. बिल इज क्रेझी. हेल्प?’ दिवाळीनंतरचा तुझा पहिला मेसेज, म्हणून चारदा वाचला. उत्तराला तीन आठवडे लागले, रागावू नकोस. सव्वीस वर्षं समुद्राचं पाणी गोड करण्यात घालवलेल्या माणसाला पाण्याबद्दल विचारलंस, आणि तो दोन ओळींत आटोपेल असं तुला वाटलंच कसं?

तर ऐक. उकळलेलं जवाचं पाणी निववायला तू पातेल्यात बुडवलेल्या नळीतून नळाचं पाणी सोडून देतेस, तिथेच सगळा घोटाळा आहे. नळ बंद कर. पातेलं टबात ठेव, टबात पाणी भर आणि ढवळत राहा. ते पाणी दोनदा बदल, तिसऱ्यांदा बर्फ टाक. पहिलं पाणी चांगलं कढत निघतं, ते बादलीत धर आणि त्यातच भांडी, बाटल्या धू. नंतरचं कोमट झाडांना. तुझं शंभर लिटरचं काम अडतीस लिटरमध्ये होतं. आणि घाई नसेल तर कढत असतानाच जाड कॅनमध्ये भर, बूच घट्ट लाव आणि सकाळपर्यंत सोडून दे. एक थेंब लागत नाही. कॅन तेवढा उकळत्या पाण्याला टिकणारा घे.

हे आकडे यूट्यूबवरचे नाहीत, मी करून पाहिलंय. घाबरू नकोस. इथे घरी बीअर करायला बंदी आहे आणि तुझा बाप अजून तेवढा शूर झालेला नाही. मी नुसतं साधं पाणी उकळतो. गणपतीत आई मसालेभात करायची ते मोठं पातेलं, वीस लिटर पाणी, एक तास. मग थर्मामीटर घेऊन ते निवायची वाट बघत बसतो. आतापर्यंत सहा वेळा झालं. कोपऱ्यावरच्या बकाल्यातून, त्या किराणा दुकानातून, बर्फाच्या पिशव्या आणताना वॉचमन खैरुद्दीन विचारतो, ‘साब, पार्टी है क्या?’ मी म्हणतो, ‘हां, है.’ निवलेलं पाणी आईच्या कढीपत्त्याला घालतो. त्याला एवढं लागत नाही, मग उरलेल्यात बाल्कनी धुतो.

वेळ बराच असतो सध्या. त्याबद्दल पुढे लिहितो.

पहिल्या वेळी फजिती झाली. गच्चीवरची टाकी इतकी तापलेली की नळालाच बेचाळीस डिग्रीचं पाणी. त्यात काय निवणार, कपाळ? मग आठवलं, उन्हाळ्यात आई गिझर बंद ठेवायची आणि गरम नळाचं पाणी गार म्हणून वापरायची. गिझर घरात, एसीत, म्हणून त्यातलं पाणी गार. तसं केलं, जमलं. पण त्या गिझरमध्ये पन्नासच लिटर मावतं. संपलं की पुन्हा वरचं तापलेलं. म्हणजे मनात आणलं असतंत तरी, मी ओरडलो त्या दिवशी तुला आणि आईला पन्नास लिटरच्या वर वापरता आलं नसतं. आणि पॅसेजमध्ये ओळीने भरून ठेवलेल्या त्या तीन बादल्या, ज्यांना मी लाथ मारली. तुम्ही दोघी पाणी साठवत होतात.

जुलै २०२२. तू जायच्या दहा दिवस आधी. सहाशे चाळीस दिरहमचं बिल, म्हणजे जवळजवळ चौदा हजार रुपये, हातात घेऊन मी घरात शिरलो आणि बाथरूममधून नळाचा आवाज आला. पाण्याची नासाडी म्हणून ओरडलो आणि तुझं वीस लिटर मोरीत ओतून दिलं. बीअर तर ती अजून झालीही नव्हती, नुसतं गोड पाणी होतं. तुझी पहिलीच खेप, आणि बिल आधीच्या महिन्याचं. इंजिनिअर माणसाला एवढं दिसू नये? ऑगस्टमध्ये कळलं, आपला फ्लश गळत होता. आईला सांगितलं तर ती म्हणाली, ‘मला काय सांगताय, तिला फोन करा.’ मी केला नाही. आई गेली तेव्हा तू तेरा दिवस इथे होतीस, तेव्हाही बोललो नाही.

कुणी विचारलं तर मी व्हिसाचं कारण सांगतो. पोलीस येतील, नोकरी, सगळं जाईल म्हणून. ती भीती होती, खोटं नाही. पण खरं सांगू? मी दाराशी आलो तेव्हा तुम्ही दोघी आत खिदळत होतात. आईला तसं हसताना मी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. दार उघडलं आणि दोघी एकदम गप्प झालात. मला ते झोंबलं. माझ्याच घरात मी आलो की हसणं बंद होतं, हे सहन झालं नाही. बाकी पाणीबिणी तोंडाला आलं म्हणून बोललो. शुभ्रा, माझं चुकलं. फार चुकलं.

आता राहिलेली बातमी. प्लँटवरची नोकरी जूनमध्ये खलास झाली. व्हिसा ऑक्टोबरअखेरपर्यंत. गेल्या महिन्याचं पाण्याचं बिल बेचाळीस दिरहम आलं, हजार रुपये, तेही एवढं उकळून. एका माणसाला लागतं तरी किती? पुण्याचा फ्लॅट रिकामा आहे, तिकडे जाईनच. त्याआधी पंधरा दिवस तुझ्याकडे यावं म्हणतो. तिकीट काढलेलं नाही. तुला विचारल्याशिवाय काढणार नाही.

आलो तर पातेलं घेऊन येईन. खोक्यात बांधून पाहिलं, पाच किलो भरतं. मी पीत नाही हे तुला माहीत आहे. पण ढवळीन, बादल्या उचलीन, बाटल्या धुईन.

उत्तर इंग्रजीत दे, एका शब्दाचं दिलंस तरी चालेल. नाही म्हणालीस तरी तो कॅनचा उपाय करून बघ, चांगला आहे. आणि हो म्हणालीस, तर एवढंच कर. मी दारात आलो की बोलता बोलता थांबू नकोस.

तुझ्या हो-नाहीची वाट पाहणारा,
बाबा